अंगणातला कर्जतचा रस्ता

दर रविवारी सकाळी मागचं चाक फिरवायचं असतं. आधी प्लग काढून ठेवायचा, म्हणजे इंजिनात हवा कोंडत नाही. मग गिअर घालायचा आणि स्टँडवर चढवलेल्या मोटारसायकलचं मागचं चाक दोन्ही हातांनी धरून सावकाश फिरवायचं. इंजिनात एरंडेल आहे. एरंडेल बसून राहिलं की डिंकासारखं घट्ट होतं आणि आतल्या पिस्टनला जागच्या जागी धरून ठेवतं. म्हणून फिरवायचं. हे मला माझ्या यजमानांनी शिकवलं. ह्यांना जाऊन आठ महिने झाले, पण एकही रविवार चुकलेला नाही. सुतकाच्या दिवसांतला रविवारसुद्धा नाही. त्या दिवशी समाचाराला आलेल्या बायका ओसरीवर बसल्या होत्या आणि मी अंगणात चाक फिरवत होते. एकीनं उठून माझ्या काळ्या झालेल्या हातांवर पाणी घातलं.

मी हळू लिहिते. शाळेतून आल्यावर, उजेड असेपर्यंत, अर्धं पान होतं. कधी तेवढंही होत नाही. घाई करण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

ती गाडी माझ्या लग्नाहून जुनी. विलायतेत लांबच्या प्रवासासाठी म्हणून बांधलेली, रुंद हँडलाची, मोठ्या टाकीची, आणि शेजारी माणूस बसायला साइडकार. गावोगावी फिरून औषधं देणारा एक गोरा डॉक्टर मायदेशी परत जाताना ती ह्यांना देऊन गेला. भिंगारच्या जुन्या बाजारामागे आमचं बिऱ्हाड होतं. छावणीतल्या ट्रकांची त्या गल्लीला सवय होती, पण ही फटफटी पहिल्यांदा आली तेव्हा दारादारांतून माणसं बाहेर आली. साइडकारला शेजारणी टोपलं म्हणत. "आज टोपल्यात बसून कुठं निघालात?" असं मला पाणवठ्यावर विचारत. मी ओशाळायची, पण टोपल्यात बसायला मला मनापासून आवडायचं. ते जमिनीच्या इतकं जवळ असे की हात खाली सोडला तर रस्त्याकडेचं गवत बोटांना लागे. पायाशी एक शाल आणि एक पुस्तक ठेवलं की मला दुसरं घर मिळाल्यासारखं वाटे.

हे बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, रस्त्यांचे. नगरहून कर्जतला जाणारा रस्ता बरीच वर्षं ह्यांच्याकडे होता. त्या रस्त्याची ह्यांची एक वही होती, कापडी बांधणीची, पेन्सिलीनं लिहिलेली. मैलामैलाची नोंद. "मैल अठरा. मोरीच्या कठड्याला तडा. पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती." "मैल चौदा. खडी उखडली आहे, मुरूम टाकणे." आणि मधूनच, त्याच अक्षरात, त्याच गंभीरपणानं, "मैल एकोणीस. उजवीकडे बाभळीवर सुगरणीची घरटी, चौदा." खात्याला सुगरणीशी काय करायचं होतं कोण जाणे. पण ही वही खात्यात कधी गेलीच नाही. साहेबाकडे जायची ती निराळी, शाईची.

मग युद्ध आलं आणि पेट्रोलला कुपनं लागली. विलायती ऑईल बाजारातून नाहीसं झालं. तेव्हा ह्यांनी तेल्याकडून एरंडेल आणायला सुरुवात केली. ते घातल्यावर इंजिन छान चालायचं आणि धुराला एक गोडसर करपट वास यायचा. भिंगारातच एक मोटार-मिस्त्री होते, गॅरेजवाले. वयानं आमच्याहून थोर, मी त्यांना चाचा म्हणायची. त्यांनी एरंडेलाची बाटली पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, फटफटीला जुलाब देताय काय?"

"तिचं पोट साफ राहतं, चाचा," हे म्हणाले.

"आणि तुमचं डोकं?"

गाडी बाहेर काढण्याजोगं पेट्रोल महिनोन्‌महिने मिळत नसे. कचेरीच्या कामाला हे सायकलवरून जात. पण एरंडेल बसू द्यायचं नव्हतं. म्हणून रविवारचं चाक सुरू झालं, आणि त्यातूनच आमचे अंगणातले प्रवास. सुरुवात कशी झाली आठवत नाही. बहुधा मीच एकदा रिकाम्या टोपल्यात पुस्तक घेऊन बसले असेन, आणि ह्यांनी चाक फिरवता फिरवता म्हटलं असेल, "ते राहू दे, रस्ता वाच." मी ह्यांची वही उघडली. चाकाचे वीस फेरे म्हणजे एक मैल, असं ह्यांनी ठरवून टाकलं. वीस फेरे झाले की मी पुढचा मैल वाचायची. मैल सोळा. मैल सतरा. डावीकडे विहीर, पाणी गोडं. अंगणात शेवग्याची सावली हलत असायची, पलीकडे कुणाच्या तरी घरी पाटा-वरवंटा चालू असायचा, आणि आम्ही दोघं रुईछत्तिशीच्या पुढे गेलेलो असायचो. कधीकधी मला खरोखर वारा लागल्यासारखा वाटे. चव्वेचाळीस मैलांना सकाळ पुरत नसे. मग उरलेला रस्ता पुढच्या रविवारी. मध्ये आठवडाभर आम्ही जणू त्या मैलाच्या दगडापाशी उभे असायचो. बुधवारी शाळेत मुलींना शुद्धलेखन घालताना माझ्या मनात येई, आपली गाडी सध्या मैल बावीसला आहे.

युद्धाच्या मधल्या वर्षांत ह्यांचे कान फुटले. दोन्ही. महिनोन्‌महिने वाहत होते. कापूस, गरम तेल, इस्पितळातल्या खेपा, सगळं झालं. कान वाहायचे थांबले तेव्हा ऐकूही येईनासं झालं होतं. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात असं मी समजत होते. ह्यांचं उलट झालं. स्वतःचा आवाज ह्यांना आतून फार मोठा ऐकू यायचा म्हणे, त्यामुळे हे हळूहळू, आणखी हळू बोलायला लागले. शेवटी इतकं हळू, की मीच पुढे वाकून ऐकायची. मला काही सांगायचं असलं की मी पाटीवर लिहायची. शाळेची पाटी, शाळेची पेन्सिल. भाजी काय करू, पत्र आलंय, दार वाजतंय. पाटीवर माणूस जरुरीपुरतंच लिहितो. बाकीचं बोलणं माझ्या पोटात साठत गेलं.

अंगणातले प्रवास मात्र थांबले नाहीत. हे चाक फिरवत, माझ्या ओठांकडे बघत. मी पूर्वीसारखंच मोठ्यानं वाचायची. ह्यांना ऐकू येत नाही हे दोघांनाही माहीत होतं. पण हळू वाचून काय मिळणार होतं?

आता त्या गाडीची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तिला ऑईल आपोआप मिळत नाही. टाकीच्या बाजूला एक लहान पंप आहे, तो चालवणाऱ्यानं मधूनमधून हातानं दाबायचा. एक दाब म्हणजे एक घोट. घोट जास्त झाले की प्लगवर काजळी धरते आणि मागे धुराचा लोट. कमी पडले की पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो, त्याला इंजिन बसणं म्हणतात. किती मैलांनी दाबायचं हे गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं, पण ह्यांनी ते कधी मानलं नाही. "चढावर जास्त तहान लागते, थंडीत कमी. ती सांगते की," हे म्हणायचे. इंजिनचा आवाज जरा कोरडा झाला की ह्यांचा हात पंपावर जायचा. ह्यांचं सगळं गाडी चालवणं, सगळं दुरुस्तीचं काम, कानाचं होतं. व्हॉल्व्ह नीट बसला की नाही, मॅग्नेटोची ठिणगी वेळेवर पडते की नाही, सारं ऐकून.

कान गेल्यावर ह्यांनी एक युक्ती काढली. लांब पेचकसाची लाकडी मूठ दातांत घट्ट धरायची आणि लोखंडी टोक चालू इंजिनला टेकवायचं. मग आवाज दातांतून डोक्यात जायचा. "येतो, सगळा येतो," असं ह्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा ह्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. पण ते गाडी उभी असताना. रस्त्यावर पेचकस दातांत धरून कोण बसणार? हँडलातून सगळंच थरथरतं, त्यातून वेगळं काही निवडता येत नाही.

म्हणून मला शिकवायचं ठरलं. रविवारी फुलपात्रभर पेट्रोल टाकीत घालायचं आणि ते संपेपर्यंत इंजिन चालवायचं. हे मुद्दाम पंप दाबत नसत. पेचकस दातांत धरून डोळे मिटून बसत, मी नुसत्या कानांनी ऐकायची. आवाज कोरडा व्हायला लागला की मी ह्यांच्या गुडघ्यावर एक टिचकी मारायची. हे डोळे उघडत. कधी मान हलवत, "अजून नाही." कधी, "उशीर." वर्षभरात मला ते जमलं. कोरडा आवाज कसा असतो ते लिहून सांगता येत नाही. चुलीवर भाकरी तव्याला लागायच्या आधी एक क्षण असतो, वास यायच्या आधीचा, तसं काहीसं.

युद्ध संपलं. कुपनं संपली नव्हती, पण थोडी सैल झाली. त्या दिवाळीनंतर चाचा एकदा घरी आले आणि अंगणात गाडीभोवती फिरले. ह्यांच्यासाठी मी त्यांचं बोलणं पाटीवर लिहीत होते.

"भाभी, लिहा. ही गाडी मला द्या म्हणावं. मी तिला जपेन."

हे हसले. "मी काय तिला उपाशी ठेवलीय?"

"साहेब, मागून मिलिटरीचा ट्रक आला तर तुम्हाला कळणार आहे का? इंजिन बोललं तर कळणार आहे का? लिहा भाभी, असंच लिहा. गोड करून लिहू नका."

मी असंच लिहिलं. ह्यांनी पाटी वाचली आणि मांडीवर पालथी घातली. मग त्या हळू आवाजात म्हणाले, "हिला सगळं ऐकू येतं. आम्ही दोघं मिळून कर्जतला जाऊन येतो. नीट जाऊन आलो तर परत हा विषय काढायचा नाही. नाही जमलं, तर गाडी तुमची."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे परीक्षा तुमची आहे, भाभी."

ती परीक्षा होती हे मला पुरतं ठाऊक होतं. ह्यांचे कान गेले, कचेरीत ह्यांना टेबलावर बसवलं, रस्ता दुसऱ्याकडे गेला. गाडी गेली असती तर ह्यांच्या हाताला काय उरलं असतं?

आम्ही संक्रांतीच्या सुमारास निघालो. पहाटे भरपूर थंडी होती. मी शाल घेतली, डबा घेतला, एरंडेलाची बाटली पायाशी ठेवली. शेवटी वहीही घेतली. पुस्तक मुद्दाम घरी ठेवलं.

पहिले मैल मी इतकी कान देऊन बसले होते की मान अवघडली. नगर मागे पडलं. उन्हं वर आली. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसांनी वाकलेली, आणि मधूनमधून करडईची पिवळी फुलं. आवाज कोरडा झाला की मी टिचकी मारायची, ह्यांचा हात पंपावर जायचा, आवाज पुन्हा ओला व्हायचा. हे माझ्याकडे न बघता हसायचे. रुईछत्तिशीपर्यंत एकदाही "उशीर" नव्हता.

आणि मग ती विहीर आली. डावीकडे, पाणी गोडं. मी दचकले. ती विहीर मी अंगणात शंभर वेळा ओलांडली होती. मी वही उघडली, नुसतं बघायला. पुढचा मैल आला, आणि वहीतली मोरी रस्त्यावर होती. कठड्याचा तडा बुजवलेला होता. नकळत माझे ओठ हलायला लागले. टोपल्यात बसायचं, वही मांडीवर घ्यायची आणि रस्ता मोठ्यानं वाचायचा, हे माझ्या अंगवळणी पडलं होतं. मैल एकोणीस. बाभूळ होती. घरटी मोजता आली नाहीत, पण झुलत होती. मैल तेवीस, दोन वड समोरासमोर, फांद्या वर मिळालेल्या. आम्ही त्या सावलीतून गेलो आणि क्षणभर मला कळेना की आपण अंगणात आहोत की रस्त्यावर. शेवग्याची सावली की वडाची. मी वाचत होते, ऊन पानावर पडत होतं, ह्यांचा गुडघा माझ्या खांद्याशी होता. माझ्या आयुष्यात इतकी सुखाची दुसरी घटका मला आठवत नाही. हे लिहिताना हात थांबतो, कारण त्याच घटकेत मी ह्यांना विसरले होते.

मैल अठ्ठाविसला मागचं चाक एकदम अडलं. ह्यांनी क्लच ओढला, गाडी घसरत रस्त्याकडेच्या मुरमात गेली आणि थांबली. कुणाला लागलं नाही. इतकी शांतता झाली की दूरवर कुणीतरी मोट हाकत होतं ते ऐकू आलं.

हे उतरले, सिलिंडरजवळ हात नेला आणि मागे घेतला. किक मारून पाहिली. हलेना. "बसली," हे म्हणाले.

तिथं एक कडुलिंब होता. गाडी ढकलून सावलीत नेली. ह्यांनी प्लग काढला, त्या भोकातून थोडं थोडं एरंडेल आत सोडलं आणि इंजिन निवायची वाट बघत खाली बसले. मग म्हणाले, "तुझा काही दोष नाही. वारा समोरून होता. अंगणात वारा नसतो, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. रस्त्यावर ऐकू येणं शक्यच नाही." थोड्या वेळानं, आणखी हळू, "चाचांना सांगू, घेऊन जा."

मी मान हलवली. हे मी लपवणार नाही. त्या क्षणी मी मान हलवली, होय म्हणून.

तेवढ्यात शेरडं हाकत एक म्हातारा धनगर आला. काठी टेकून आमच्यासमोर उभा राहिला.

"रामराम! फटफटी बसली जनू?"

ह्यांची पाठ त्याच्याकडे होती.

"सायेब लई तापल्यालं दिसत्यात. बोलंनात."

"त्यांना ऐकू येत नाही, बाबा," मी म्हणाले.

"आसं व्हय? मंग त्या इंजनाचा आवाज कसा कळतुया?"

"तो मी ऐकते."

त्यानं माझ्याकडे, गाडीकडे, परत माझ्याकडे पाहिलं. "मंग बसली कशी?"

त्याला खोटं काय सांगायचं? "मी वाचत होते," मी म्हणाले.

"पोथी?"

"नाही. ह्यांची वही."

"मनातल्या मनात?"

"मोठ्यानं."

"बहिऱ्या मानसाला?" म्हातारा इतका हसला की त्याची शेरडं थबकली. "आमची म्हातारी बी आशीच हाय. मी दोन कोस लांब आसलो तरी घरात बसून माज्याशी भांडतिया. आन् मी घरी गेलो की गप." मग काठीनं ह्यांच्याकडे दाखवत म्हणाला, "पर त्येंला सांगितलं का न्हाई? का तिसऱ्यालाच सांगताय?"

पाटी घरी होती. वही होती, पेन्सिल होती. पण ह्यांच्या त्या नीट नोंदींमध्ये माझी चूक लिहायला हात होईना. हे इंजिनपाशी बसून पेचकसाची मूठ दातांत धरत होते. एका हातानं चाक किंचित हलवून आत काही सुटतंय का ते ऐकणार होते. मी समोर जाऊन बसले. टोक इंजिनला लागायच्या आधी मी ते धरलं आणि माझ्या हनुवटीच्या हाडाला टेकवलं.

"अहो," मी म्हणाले.

ह्यांचं अंग शहारलं. डोळे उघडून हे माझ्याकडे बघत राहिले. चार वर्षं. चार वर्षं तो पेचकस आमच्या घरात होता, इंजिनचा खोकलासुद्धा ह्यांना त्यातून कळत होता, आणि बायकोशी बोलायला पाटी होती. आम्हा दोघांपैकी एकालाही कधी सुचलं नव्हतं. तो गाडीचा पेचकस होता.

ह्यांनी हातानं खूण केली. पुन्हा.

"अहो, मी वाचत होते. वाऱ्याचं काही नाही. आवाज कोरडा झाला होता, आता मला आठवतोय, वडांच्या पुढेच झाला होता. मला ऐकू आला होता. मी पान उलटत होते."

सांगून झाल्यावर मी टोक खाली घेणार होते, पण ह्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. शेवटी मूठ तोंडातून काढली.

"म्हणजे ऐकू येतो," हे म्हणाले.

मी बघत राहिले.

"रस्त्यावर ऐकू येतो तुला. वाऱ्यात." आणि हे हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. "मी उगीच गाडी देऊन टाकत होतो की." मग विचारलं, "कुठलं पान?"

मी वही दाखवली.

"वाच."

ह्यांनी मूठ पुन्हा दातांत धरली. मी टोक हनुवटीला लावलं आणि मैल तेवीस वाचला. मैल चोवीस. मैल पंचवीस. धनगर तिथंच उभा होता. "काय गं बया, ह्ये आनि काय," असं काहीसं पुटपुटला आणि शेरडांमागे गेला. मला लाज वाटली नाही. भर दुपारी, हमरस्त्यावर, नवऱ्याच्या तोंडातला पेचकस माझ्या हनुवटीला लावून मी खडी आणि मुरूम वाचत होते, आणि ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

वाचून संपलं तोवर इंजिन निवलं होतं. ह्यांनी चाक हलवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि चाक फिरलं. निघायच्या आधी ह्यांनी पेन्सिल मागितली आणि वहीत लिहिलं, "मैल अठ्ठावीस. डावीकडे लिंब. येथे आवाज ऐकला." दुसरं काही नाही.

गाडीवर बसताना म्हणाले, "असं करू. तुला वाचायचं असेल तेव्हा माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचा आणि ठेवूनच द्यायचा. हात आहे तोवर मी दर दोन मैलांना पंप दाबत जाईन. धूर होईल. होऊ दे. हात उचललास की तू ऐकतेस."

ज्या माणसानं पुस्तकातला नियम कधी मानला नव्हता, तो असं म्हणाला. मला त्याचं मोल नंतर कळलं, तेव्हा नुसतं बरं वाटलं.

आम्ही अगदी सावकाश मिरजगाव ओलांडलं आणि दिवेलागणीला कर्जतला पोचलो. दुसऱ्या दिवशी परत आलो. चाचा गल्लीच्या तोंडाशीच उभे होते. इंजिन चालू असतानाच त्यांनी मान तिरपी केली.

"भाभी, खरं सांगा. बसली होती ना?"

"बसली होती, चाचा. चूक माझी. मी वाचत होते."

चाचांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे निर्धास्त हातमोजे काढत होते. "म्हणजे ड्रायव्हर जागा होता, क्लीनरला डुलकी लागली," चाचा म्हणाले. "त्याबद्दल ड्रायव्हरची गाडी कशी घेणार?" आणि स्वतःच त्यांनी पिस्टन काढून घासून दिला.

त्यानंतरची वर्षं थोडीच होती, हे तेव्हा कुणाला माहीत होतं. राहुरीकडे गेलो, कर्जतला आणखी तीनदा गेलो. बहुतेक वेळ माझा हात ह्यांच्या गुडघ्यावरच असायचा. मागे निळा धूर आणि तो गोडसर करपट वास. प्लग दर मुक्कामाला काजळीनं भरायचा, हे तो पुसत बसायचे आणि कधी कुरकुरले नाहीत. पाटी मी शाळेत परत नेली. रोज जेवणं झाल्यावर आम्ही ओसरीवर पेचकस घेऊन बसायचो आणि मी ह्यांना दिवसभरातलं सांगायची. पोटात साठलेलं चार वर्षांचंही थोडं थोडं बाहेर निघालं. सगळं सांगून झालं असं नाही.

गेल्या आठवड्यात चाचा आले. आता त्यांना बसायला भिंत लागते. गाडीपाशी उकिडवे बसले आणि चाकाच्या आऱ्यांवरून बोट फिरवत राहिले. मी म्हटलं, "चाचा, बोला की. न्यायची का?"

"ते विचारायलाच आलो होतो," ते म्हणाले. "पण आठ महिने उभी आहे. आत सगळं चिकटलं असेल."

मी प्लग काढला, गिअर घातला आणि चाक फिरवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हात पुढे केला. मी पेचकस दिला. मुठीवर ह्यांच्या दातांच्या खुणा आहेत, खोल, दोन्ही बाजूंनी. चाचांनी त्यावरून अंगठा फिरवला. त्यांनी मूठ दातांत धरली नाही, कानाला लावली.

"फिरवा, भाभी."

मी फिरवत राहिले. वीस फेरे.

"मोकळी आहे," ते म्हणाले. "इतके दिवस कोण फिरवत होतं?"

"मीच. रविवारी."

चाचांनी पेचकस माझ्या हातात परत दिला, भिंतीला धरून उठले आणि म्हणाले, "मग माझं काय काम?" दारापर्यंत गेले आणि वळले. "एरंडेल संपलं असेल तर सांगा. तेल्याकडं माणूस पाठवतो."

बाटलीत अजून आहे. आज रविवार आहे. चाक फिरवून झालं, आणि आता मी टोपल्यात बसून हे लिहिते आहे. वही मांडीवर आहे. गाडी मैल सोळाला आहे, पुढच्या मैलाला ती विहीर येईल.